मूठ गुळगुळीत करण्याआधी

जॉन ब्राउनिंगने घडवलेलं पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं आणि ते सालच त्याचं नाव होऊन बसलं. पोलादी मुठीच्या दोन्ही अंगांना अक्रोडाच्या लाकडाची एकेक पट्टी, प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू, आणि पट्टीभर कोरलेली बारीक चौकड्यांची नक्षी. फक्त स्क्रूभोवती हिऱ्याच्या आकाराचा तुकडा कोरा सोडलेला, कारण भोकाच्या कडेला लाकूड मुळातच नाजूक असतं. चौकडीचं प्रत्येक घर वर निमुळतं होत टोकदार झालेलं असतं. हात घामाने किंवा पावसाने ओला झाला तरी ही टोकं तळव्यात रुततात आणि .४५च्या धक्क्याने पिस्तूल हातात फिरत नाही.

लढाईत जे हवंसं, तेच चांदमारीच्या मैदानावर शंभरेक गोळ्या झाडल्यावर नकोसं होतं. तळव्याची कातडी लाल होते, अंगठ्याच्या मुळाशी चुरचुरायला लागतं. हल्लीच्या अनेक पट्ट्यांवर नक्षी यंत्राने किंवा लेझरने कोरलेली असते, तिची टोकं हाताने कोरलेल्या नक्षीपेक्षा बरेचदा जास्त धारदार असतात, आणि वर वार्निशाचा जाड थर चढवलेला असतो. अमेरिकेत पिस्तुलाचा मालक घरच्या टेबलावर बसून मुठीचे स्क्रू सोडवू शकतो. त्यामुळे हे लाकूड नव्याने घासून, तेल पाजून हाताला मऊ लागेल असं करणं हा तिथे अनेकांचा आवडता उद्योग आहे. या उद्योगात नव्याने पडणाऱ्यांचं सगळं लक्ष बाटलीकडे असतं: तेल कुठलं, वार्निश कुठलं, हात किती मारायचे. पण हाताला जाणवणारा गुळगुळीतपणा बाटलीचं झाकण उघडण्यापूर्वीच बराचसा ठरून गेलेला असतो. तो पॉलिश पेपरच्या कामात असतो, आणि त्याही आधी, मूठ गुळगुळीत करायची की नाही या निर्णयात असतो.

कारण गुळगुळीत मूठ म्हणजे निसटणारी मूठ, असं सरसकट म्हणता येत नाही. कोल्टचंच १८७३ सालचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर घ्या. त्याची मूठ अक्रोडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली, नांगराच्या रुमण्यासारखी खाली वळलेली आणि पूर्ण गुळगुळीत. हा आकार कोल्टच्या १८५१च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरपासून चालत आलेला. गोळी सुटली की धक्क्याने रिव्हॉल्व्हर हातातल्या हातात वर फिरतं, मूठ तळव्यावरून सरकते, आणि हॅमर अंगठ्याच्या जवळ येतो. पुढच्या गोळीसाठी तो हॅमर अंगठ्यानेच मागे ओढायचा असतो, म्हणजे हे सरकणं सोयीचंच. इथे चौकड्या कोरल्या असत्या तर प्रत्येक गोळीला तळवा खरवडला गेला असता. १९११चं पिस्तूल मात्र धक्क्याच्या जोरावर आपणच पुढची गोळी भरून घेतं. ते हातात जितकं घट्ट बसेल तितकं बरं. म्हणून त्याला खरखरीत पट्ट्या. ज्याला आपली मूठ बदलायची आहे त्याने आपलं हत्यार या दोहोंपैकी कोणत्या जातीचं आहे ते आधी पाहावं.

माणसाच्या बोटाला खडबडीतपणा किती सूक्ष्म कळतो, याचा एक सुंदर प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्टॉकहोममधल्या केटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी प्लॅस्टिकसारख्या पृष्ठभागावर कृत्रिम सुरकुत्या तयार केल्या आणि लोकांना त्यावरून बोट फिरवायला सांगितलं. सुरकुतीची उंची अवघी १३ नॅनोमीटरच्या आसपास असली तरी तिच्यात आणि सपाट पृष्ठभागात लोकांना फरक कळत होता. आता पॉलिश पेपरकडे वळा. पी ४०० नंबरच्या कागदावरचा दाणा सरासरी ३५ मायक्रॉनचा, म्हणजे ३५,००० नॅनोमीटरचा असतो. त्याचे ओरखडे दाण्यापेक्षा पुष्कळ उथळ असतात हे खरं, तरीही बोटाच्या नजरेतून ते सुटणं अवघड. डोळ्याला चकचकीत दिसलेली मूठ हाताला ‘काहीतरी राहिलंय’ असं सांगते, ते यामुळे.

घर्षणाचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. अगदी कोरड्या कातडीपेक्षा किंचित दमट कातडी गुळगुळीत पृष्ठभागाला जास्त धरून ठेवते. पाण्याचा किंवा घामाचा सलग थर मध्ये साचला की पकड सुटते. त्यामुळे चांगलं घासलेली, तेल मुरलेली मूठ थोड्या घामात छान धरता येते आणि भर पावसात दगा देते. जाड वार्निशाच्या मुठीची तऱ्हा आणखी वेगळी. ती गरम हाताला आधी चिकट लागते आणि घाम वाढला की काचेसारखी सरकते. वार्निश उतरवून तेल पाजलेल्या मुठीबद्दल लोक ‘लाकूड हाताला लागतं’ असं म्हणतात, त्यात तथ्य आहे. तेव्हा खरोखरच लाकूडच हाताला लागत असतं.

आणि ते लाकूड बहुधा अक्रोडाचं असतं. बंदुकीच्या दस्त्यांसाठी आणि मुठींसाठी शतकानुशतकं अक्रोड निवडला गेला तो त्याच्या शिस्तीमुळे. तो फार जड नाही, धक्का सोसतो, एकदा नीट वाळला की फारसा वाकत-फिरत नाही, आणि त्याच्या तंतूंवर बारीक नक्षी तुटक न होता उमटते. अमेरिकी कारखान्यांनी तिकडचा काळा अक्रोड वापरला. पहिल्या महायुद्धात त्याची चणचण भासायला लागली, कारण बंदुकीचे दस्ते आणि विमानांचे पंखे या दोन्हींना तोच हवा होता. तेव्हा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी बॉय स्काउट मुलांना गावोगावची काळ्या अक्रोडाची झाडं हुडकून काढायचं आवाहन केलं होतं. आपल्याकडे हा मान काश्मीरच्या अक्रोडाचा. श्रीनगरच्या रैनावारी भागात ‘बंदूकखार मोहल्ला’ म्हणजे बंदूक घडवणाऱ्या कारागिरांची आळी आहे. तिथल्या कारखान्यांतल्या शिकारी बंदुकांचे दस्ते याच लाकडाचे. झाड तयार व्हायला पिढी जाते, म्हणून काश्मीरमध्ये १९६९च्या कायद्याने परवानगीशिवाय अक्रोड तोडायला बंदी घातली.

शिसवाच्या मुठी दिसायला अक्रोडाहून देखण्या. मात्र शिसवाचं सगळं कूळ, म्हणजे डाल्बर्जिया, जानेवारी २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात नोंदलं गेलं आहे. त्यात आपल्या सह्याद्रीतला शिसवही आला आणि मध्य अमेरिकेतला, मुठींच्या बाजारात फार मागणी असलेला कोकोबोलोही. कोकोबोलोची धूळ अनेकांच्या अंगावर पुरळ उठवते. लाकडाच्या धुळीला एकूणच हलक्यात घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेलं आहे. वापरलेल्या पिस्तुलाच्या मुठीवर तर शिशाचा अंशही बसलेला असतो, कारण गोळीच्या टोपीत आणि खुद्द गोळीत शिसं असतं. म्हणून पट्ट्या आधी साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायच्या, मास्क लावायचा, आणि कोरडी धूळ स्वयंपाकघरात उडवायची नाही.

आता तो पहिला निर्णय, मूठ घासायची की नाही याचा. १८७०च्या दशकात अमेरिकी लष्कराला गेलेल्या प्रत्येक ‘सिंगल ॲक्शन’ रिव्हॉल्व्हरची सरकारी निरीक्षक तपासणी करत आणि पसंत पडलं की लाकडी मुठीवर आपल्या आद्याक्षरांचा ठसा उमटवत. त्यांतलं एक नाव ऑर्व्हिल डब्ल्यू. एन्सवर्थ. ‘ओ डब्ल्यू ए’ ही त्याची अक्षरं असलेली रिव्हॉल्व्हरं संग्राहकांना जीव की प्राण आहेत, कारण १८७६च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे त्याच्या तपासणीतली हत्यारं होती. हा ठसा लाकडात फार खोल नसतो. नवा हौशी मालक २२० नंबरचा कागद घेऊन पाच-दहा मिनिटं मनापासून घासत बसला, तर दीडशे वर्षांचा पुरावा भुशात जातो आणि कोणत्याही तेलाने परत येत नाही. जुन्या लाकडावरचा काळपटपणा, हाताने झिजलेली कड, मूळ तेलाचा उरलासुरला थर, हे सगळं त्या वस्तूचं चरित्र आहे. त्यामुळे मूठ जुनी आणि मूळचीच असेल, तर ती काढून जपून ठेवावी आणि वापरासाठी नव्या पट्ट्या घ्याव्यात. १९११च्या पिस्तुलाला नव्या पट्ट्या सहज मिळतात. या बाबतीत दुसऱ्या कुठल्याही मताला फारशी जागा दिसत नाही.

पट्ट्या साध्या, आजच्या कारखान्यातल्या असतील, तर मात्र निर्धास्त कामाला लागावं. अर्थात पहिलं काम पिस्तूल रिकामं करण्याचं: मॅगझिन बाहेर, चेंबर उघडून डोळ्याने आणि बोटाने खात्री, गोळ्या दुसऱ्या खोलीत. स्क्रूड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारं हवं, नाहीतर ते निसटतं आणि लाकडावर असा चरा उमटवतं की घासकाम दुप्पट होतं.

मग जुनं पॉलिश कोणतं ते ओळखायचं. पट्टीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कापसाचा बोळा लावून पाहतात. स्पिरिटने चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पॉलियुरेथेन, आणि त्याला पेंट रिमूव्हर किंवा पातळ धातूची खरवडणी लागते. जुन्या पिस्तुलात बंदुकीचं तेल वर्षानुवर्षं पाझरून लाकूड काळं आणि ओशट झालेलं असतं. त्यावर नवं तेल वाळतच नाही. अशा वेळी खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप पट्टीवर देतात. ॲसिटोन लाकडातलं तेल सैल करून वर आणतं, खडू ते शोषून घेतो, लेप वाळून पिवळट पडतो. तो झटकून पुन्हा नवा लेप. खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नको, हे सांगायला नको.

दबलेले खळगे घासून काढायचे नसतात, ते फुगवून वर आणायचे असतात. खळग्यात लाकडाचे तंतू तुटलेले नसतात, चेपलेले असतात. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवलं की वाफ आत शिरते, तंतू फुगतात आणि खळगा बऱ्याच अंशी भरून येतो. जिथे तंतू कापले गेलेत तिथे हा उपाय चालत नाही. स्क्रूच्या भोकाभोवतीचे काळे डाग हा आणखी वेगळा प्रकार. अक्रोडात टॅनिन असतं. लोखंडाचा अंश आणि घामाचा ओलावा मिळाला की त्याचं शाईसारखं काळं संयुग बनतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने ते फिकट होतं. पण हे ॲसिड विषारी आहे. हातमोजे घालून काम करावं आणि नंतर लाकूड दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसावं. याच कारणाने अक्रोडावर स्टील वूल वापरू नये. त्याचे तुटलेले बारीक तंतू लाकडाच्या छिद्रांत अडकून राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात काळे ठिपके होऊन उगवतात. नायलॉनचा खरखरीत पॅड बरा.

यानंतर खरं काम. नंबरांची शिडी साधारण २२०, ३२०, ४००, ६०० अशी. मात्र कागदाच्या पाठीवर नंबरापुढे ‘पी’ आहे का ते पाहून घ्यावं, कारण युरोपीय ‘पी’ मापाचा आणि जुन्या अमेरिकी मापाचा दाणा सारखा नसतो. अमेरिकी ३२०चा दाणा जवळपास पी ४०० इतका बारीक असतो. दोन्ही प्रकारचे कागद एकाच डब्यात मिसळले की शिडीची एक पायरी गळते, आणि मागच्या कागदाचे ओरखडे पुढचा कागद काढू शकत नाही. नेहमी लाकडाच्या रेषेत, उभं घासायचं. आडवा ओरखडा तेल लागेपर्यंत लपून बसतो आणि तेल लागताच गडद होऊन वर येतो. पुढचा नंबर हातात घेण्यापूर्वी पट्टी खिडकीजवळ तिरपी धरून पाहावी. तिरप्या उजेडात एकही आडवी रेघ दिसली, तर मागच्याच कागदावर परतावं.

कागद नुसत्या बोटाने धरून घासला तर बोट मऊ भागात जास्त दाबलं जातं आणि पृष्ठभागावर लाटा येतात. तळव्याच्या गोलाईसाठी खोडरबराचा तुकडा, सपाट भागासाठी लाकडी ठोकळा, असं केल्यास आकार टिकतो. सगळ्यात जास्त नुकसान कडांचं होतं. पट्टीची कड पोलादाला जिथे भिडते ती गोल झाली की तिथे कायमची फट दिसते, आणि तीच फट तळव्याला टोचते. अनुभवी लोक त्या कडेवर चिकटपट्टी लावून घासतात. पाठीमागची बाजू घासतच नाहीत.

३२०नंतर एक पायरी अशी आहे जी घाईत सगळे गाळतात. ओल्या फडक्याने लाकूड हलकं भिजवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. पाणी शोषून दबलेले तंतू ताठ उभे राहतात, आणि मघाशी मऊ वाटलेली पट्टी दाढीच्या खुंटासारखी खरखरते. ते खुंट नव्या, धारदार ४००च्या कागदाने अलगद कापायचे, पुन्हा भिजवायचं, पुन्हा कापायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तंतू उठायचे बंद होतात. हे आधी केलं नाही, तर हेच काम हाताचा घाम करतो, पॉलिश झाल्यानंतर. हाताला जाणवणारी मऊ मूठ आणि नुसती चकचकीत मूठ यांतला फरक घडतो तो याच पायरीवर.

चौकड्यांची नक्षी ठेवायची की घालवायची हा प्रश्न इथे येतो, आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे. इंचाला २० रेषा असलेल्या नक्षीत दोन रेषांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. खाच ९० अंशांच्या हत्याराने पूर्ण टोकापर्यंत कोरली असेल, तर तिची खोली अंतराच्या निम्मी, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर. नक्षी पूर्ण पुसायची म्हणजे दोन्ही पट्ट्या मिळून मूठ सव्वा मिलिमीटरहून अधिक बारीक होणार. लहान हाताच्या माणसाला ते आवडेलही, पण स्क्रूची डोकी वर येतात आणि तळव्याला लागतात. त्यापेक्षा मधला मार्ग चांगला. नक्षी जुन्या टूथब्रशने साफ करायची, कडक ठोकळ्यावर ४००चा कागद गुंडाळून चौकड्यांवरून मोजके हलके हात फिरवायचे आणि फक्त टोकं बोथट करायची. खाचा तशाच राहतात, पकड राहते, टोचणं जातं. टोचण्याची तक्रार असलेल्या बहुतेकांना याहून अधिक काही करायची गरजच नसते.

उरलं तेल. सगळ्यात जुनं आणि अजूनही उत्तम ते जवसाचं. क्रिकेटच्या बॅटला लावतात ते कच्चं, आणि रंगाच्या दुकानात मिळतं ते उकळलेलं, ज्याला बेलतेल म्हणतात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. त्यातली लिनोलेनिक आम्लं हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि त्यांचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे जोडले जाऊन घट्ट होतात. कच्च्या तेलाला यासाठी दिवसच्या दिवस लागतात. बेलतेलात कोबाल्ट-मँगनीजसारखे वाळवणारे क्षार घातलेले असतात म्हणून ते लवकर आवळतं. लंडनचे बंदूक-कारागीर याच तेलात अल्कानेट नावाच्या झाडाची मुळी भिजवून त्याला लाल छटा देत आले आहेत. त्याच कुळातल्या झाडांची मुळी आपल्याकडे रतनजोत म्हणून रोगनजोशला रंग आणते.

तेल पातळ लावावं, बोटाच्या पेराने किंवा तळव्याने चोळून उष्णता येऊ द्यावी, पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून काढावं. उरलं तर ते डिंकासारखं चिकट राहतं. पहिल्या दोन थरांत ६००चा कागद तेलात भिजवून घासला, तर लाकडाची धूळ आणि तेल यांचा दाट लगदा तयार होतो आणि तो अक्रोडाच्या छिद्रांत बसतो. वेगळी लांबी भरावी लागत नाही, आणि भरणाचा रंग लाकडाचाच असतो. मग दिवसाआड एक थर, चार-पाच थरांपर्यंत. तेलाचा एक मोठा दोषही मान्य करावा लागतो. ओलावा अडवण्यात जवसाचं तेल जवळपास निरुपयोगी आहे. अमेरिकेच्या मॅडिसन इथल्या वनोपज प्रयोगशाळेच्या चाचण्यांनी हे दाखवून दिलेलं आहे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत तेल पाजलेली मूठ पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. म्हणून पाठीमागच्या, हाताला न लागणाऱ्या बाजूला चपड्याचे दोन पातळ हात देणं फायद्याचं. तिथे ओलावा थोडा तरी अडतो आणि पट्टी वाकत नाही.

तेलाच्या फडक्यांबद्दल मात्र कोणतीही ढिलाई नको. ऑक्सिजन ओढताना जवसाचं तेल उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. चोळामोळा करून टाकलेल्या फडक्यांच्या ढिगात साठत जाते आणि ठिणगीशिवाय आग लागते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत अशीच आग लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकडी भिंतींचं काम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाची फडकी टाकून दिली होती. आग १९ तासांच्या आसपास धुमसत राहिली आणि तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. दोन छोट्या पट्ट्यांना लागतं ते फडकं रुमालाएवढं असतं, पण रसायन तेच. वापरून झालं की ते सपाट पसरून घराबाहेर वाळत टाकावं, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावं.

वाळलेल्या पट्ट्या बसवताना स्क्रू लाकूड दाबेपर्यंत आवळायचे नसतात. नुसते टेकल्यावर थोडासा पीळ पुरतो. पुढे पिस्तूल साफ करताना पट्ट्या काढून ठेवलेल्या बऱ्या, कारण नळी साफ करायची रसायनं बहुतेक पॉलिश मऊ करतात.

नेमबाजीच्या खेळात हेच काम उलट्या दिशेने चालतं. ऑलिंपिकची पिस्तुलं लहान, मध्यम, मोठ्या मापाच्या आणि डाव्या-उजव्या हाताच्या वेगवेगळ्या मुठींसह येतात, आणि त्यांवर तळव्याला टेकू देणारा सरकता कट्टा असतो. खेळाडू त्या मुठीवर कानस चालवतो, जिथे बोट नको तिथे लाकूड काढतो, जिथे पोकळी राहते तिथे पुट्टी चढवतो. दहा मीटरच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. मूठ प्रत्येक वेळी हातात त्याच जागी बसली नाही, तर मनगट सरळ करण्यातच नेम हलतो. मूठ हातात बसण्याची ही सवय नव्याने लावताही येते. हंगेरीच्या कारोली ताकाचचा उजवा हात १९३८ साली लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून निकामी झाला. तो डाव्या हाताने नेमबाजी शिकला आणि १९४८च्या लंडन व १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्णपदक त्याने मिळवलं; लंडनला ५८० गुणांचा विश्वविक्रमही केला. आपल्याकडे कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, आणि आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या रेंजवर आज शाळकरी वयाची मुलं एअर पिस्तूल शिकतात, आणि मुठीवरची पहिली कानस बहुतेकदा प्रशिक्षकाच्या नजरेखालीच चालते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९प्रमाणे बंदुकांची दुरुस्ती किंवा रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे परवान्याच्या पिस्तुलाची मूठ परवानाधारक कारागिराकडे देणंच योग्य. एअर पिस्तुलाची गोष्ट वेगळी; .१७७ इंचापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर गनना २०१६च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. त्यामुळे घरच्या टेबलावर मूठ घासण्याची संधी इथल्या खेळाडूला एअर पिस्तुलातच मिळते. तिथे सगळी मूठ सारखी गुळगुळीत करण्यात अर्थ नसतो. तळव्याच्या फुगवट्याला आणि बोटांच्या बेचक्यांना मऊपणा हवा, कारण तासन्‌तासच्या सरावात तिथेच घट्टे पडतात. मुठीची मागची बाजू, जिथे अंगठा आणि तर्जनीमधली खोबण बसते, तिथे थोडी खरखर राखतात, म्हणजे हात दर वेळी तीच जागा शोधतो. पुट्टी चढवताना मापावर लक्ष ठेवावं लागतं. नियमाप्रमाणे दहा मीटरचं एअर पिस्तूल मुठीसकट ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर ते बसलं नाही, तर तिथेच कानस काढून जादा पुट्टी उतरवावी लागते, आणि सरावात हाताला बसलेली मूठ त्या दिवशी बदललेली असते.